सगळ्यांत कष्टाळू मुंगी

प्रयोगशाळेत नवा माणूस कामावर आला की त्याची पहिली फजिती मोठ्या पडद्यासमोर व्हायची. चष्मेवाला त्याला खुर्चीत बसवायचा आणि साळसूद चेहऱ्याने विचारायचा, "सांग बघू, यातली सगळ्यांत कष्टाळू कोण?"

पडद्यावर मुंग्यांचं वारूळ वरून दिसायचं. वारूळ कसलं, काचेच्या झाकणाचा पसरट डबा. निम्म्या मुंग्यांच्या पाठीवर तिळाहून बारीक अशी चौकोनी खूण चिकटवलेली. वरचा कॅमेरा ती वाचायचा आणि पडद्यावर प्रत्येक खुणेचा एक ठिपका व्हायचा. ठिपका जिथून गेला तिथे मागे बारीक रेघ उमटायची. बहुतेकींच्या रेघा म्हणजे मांजराने खेळून टाकलेला लोकरीचा गुंडा. जरा पुढे जा, जरा मागे ये, हिला हुंग, तिच्यापाशी थांब, काही विसरलं म्हणून परत फीर. आणि त्या गुंत्यातून एखादीच रेघ अशी जायची की पट्टी ठेवून ओढावी. कुणाशी थांबणं नाही की वळून बघणं नाही. नवा माणूस हमखास तिच्यावर बोट ठेवायचा. ही.

"ही मेलीये," चष्मेवाला म्हणायचा. "दुसरी तिला उचलून कोपऱ्यातल्या उकिरड्यावर टाकायला नेतेय. नेणारीला खूण नाही, म्हणून ती दिसत नाही."

मग सगळे पोट धरून हसायचे. ठिपकेवालीही हसायची. पहिल्या दिवशी तीही त्याच रेघेवर बोट ठेवून बसली होती, वर म्हणाली होती, अशी एक घरात हवी.

ठिपकेवाली म्हणजे खुणा चिकटवणारी. खरं नाव केव्हाच मागे पडलं, हेच राहिलं. शाळा अर्धवट सुटलेली, पण हात असा, की सुईत दोरा ओवताना लोक जीभ बाहेर काढतात आणि ही गप्पा मारता मारता ओवायची. प्रयोगशाळेच्या मॅडमनी तिला त्या हातासाठीच ठेवली. त्याआधी सासूने सून म्हणून पसंत केली, तीही त्या हातासाठीच. सासू स्वतः शिलाईच्या दुकानात काजं करायची. उभा जन्म काजं आणि बटणं. मुलगी बघायला आली तेव्हा तिने चेहरा पाहिला नव्हता, बोटं पाहिली होती.

कामाची रीत अशी. बर्फावर ठेवलेल्या ताटलीत मुंगी सोडायची. ती गारठते, पाय आखडून घेते, शांत पडते. मग पाठीवर गोंद, सुईच्या टोकाला ओल लागावी इतकाच. त्यावर खूण. आणि वाळेपर्यंत चिमट्यात धरून ठेवायची. तेवढ्या वेळात हलायचं नाही, शिंकायचं नाही, घरी आग लागली तरी उठायचं नाही. ओला गोंद पायांवर ओघळला की मुंगी जन्माची चिकटली.

मॅडमच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. पाठीवर खूण लावून मुंग्यांचा अभ्यास सगळेच करतात, पण त्या खुणेनेच वारूळ बिघडलं तर? म्हणून निम्म्या जणींना खूण लावायची, निम्म्या तशाच ठेवायच्या, आणि बघत बसायचं. दिसलं ते असं, की खूणवाली बिचारी भानावर येते, अंग झाडते आणि अर्धवट राहिलेलं आपलं काम उचलते. बदलतात त्या बाकीच्या. कुणी पाठीवरचं ते ओरबाडायला बघते. कुणी तोंडातला घास द्यायला आलेली, हुंगते आणि परत फिरते. सगळ्यांत वाईट दारावरच्या. राखणीच्या मुंग्या तिला परकी समजून आत येऊ देत नाहीत, तंगडी धरून बाहेर ओढतात. गोंदाचा वास येतो ना. म्हणून खूण लावलेलीला लगेच सोडायचं नाही, वारुळातल्या मातीच्या वाटीत ठेवायचं, अंगाला घरचा वास लागू द्यायचा, मग आत.

"नवी सून म्हणा ना सरळ," ठिपकेवाली म्हणायची.

आणखी एक नियम होता. मेलेल्या मुंगीची खूण सोडवून, द्रावणात बुडवून, पुसून पुन्हा वापरायची. पण स्वच्छ पुसायची. मेलेलीचा वास राहिला, तर ज्या जिवंत मुंगीला ती लावाल तिला बाकीच्या उचलतात आणि उकिरड्यावर नेऊन टाकतात. ती पाय झाडत राहते, पण ऐकतो कोण. परत आली की परत नेतात.

हे सगळं ती घरी जेवताना सांगायची, आणि सासू कान देऊन ऐकायची. "मुंग्यांना अक्कल नाही," सासू म्हणायची. "अगं, शेजारीण नव्या चपला घालून आली म्हणून कुणी तिला घराबाहेर काढतं?"

सासूचं काय झालं होतं, तर तिला घर सापडेनासं झालं होतं. बाकी सगळं शाबूत. जीभ तर कात्रीसारखी. पण आजचा दिवस आणि मागचे दिवस यांची शिवण उसवली होती. रोज सकाळी उठून, केस विंचरून ती शिलाईच्या दुकानात कामाला निघायची. तिथल्या बायका भल्या. तिला शेगडीजवळची खुर्ची द्यायच्या, पुढे बटणांचा डबा ठेवायच्या. ती रंगारंगाची बटणं वेगळी करायची. दुपारी सगळं झालं की दुकानवाली म्हणायची, "शाबास, आजी," आणि तिची पाठ वळली की सगळी बटणं परत एकत्र करून ठेवायची. उद्यासाठी.

येताना ती चुकायची. पण गल्लीला डोळे पुष्कळ होते. किल्लीवाला हाक मारायचा, आजी, घर तिकडे. पाववाला तर दुकान उघडं टाकून दारापर्यंत आणून सोडायचा. तिचे दोघे मुलगे एकाच इमारतीत, थोरला खाली, धाकटा वर. म्हातारी धाकट्याकडे, पण थोरल्या जावेच्या हातचं सूप दुपारी वर यायचं. धाकटा, म्हणजे ठिपकेवालीचा नवरा, जेवणाच्या सुट्टीत धावत येऊन आईला बघून जायचा. तारेवरची कसरत होती, पण तार तुटली नव्हती.

मग एकदा ती बसच्या डेपोत सापडली, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, अंधार पडल्यावर. सापडली तेव्हा ती एका वाहकाच्या कोटाचं सुटलेलं बटण लावून देत होती. पण दोघे मुलगे, दोघी सुना, चौघांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. चौघं खाली थोरल्याकडे बसले.

"मुंग्यांना लावतेस ना," थोरली जाऊ म्हणाली. "मग सासूला लावायला तुझं काय जातं?"

सगळे हसले. आठवड्याच्या आत मनगटी पट्टा घरात आला. काळा, जाड, त्यावर लुकलुकणारा लाल दिवा. चौघांच्या फोनमध्ये नकाशा, नकाशात ठिपका, ठिपक्याखाली अक्षरं. 'आई चालत आहे.' 'आई विश्रांती घेत आहे.'

"मी काय मांजर आहे, गळ्यात घंटा बांधायला?" सासू म्हणाली.

"घड्याळ आहे ते, आई."

"काटे कुठायत?"

ती पट्टा काढून टाकायची. एकदा पिठाच्या डब्यात निघाला. एकदा खिडकीतल्या कुंडीत. एकदा खरोखरच शेजारच्या मांजराच्या गळ्यात निघाला, आणि थोरला अर्धं शहर मांजरामागे फिरून आला. त्या दिवशी थोरल्या जावेने वर येऊन हात जोडले. "तुझ्याकडे तो गोंद आहे ना? लाव बाई एकदाचा. आमचा जीव किती दिवस टांगणीला ठेवणार?"

सासू दुपारची डुलकी काढत होती. ठिपकेवालीने तिचा हात मांडीवर घेतला. हात गार होता, बोटांना सुईची जुनी घरं पडलेली. पट्टा जिथे अडकतो त्या फाशात तिने सुईच्या टोकाने गोंद सोडला, कातडीला लागू न देता, आणि वाळेपर्यंत धरून बसली. चिमट्यात धरते तशीच, हलक्या हाताने. सासू जागी झाली नाही. ठिपकेवालीला स्वतःच्या कामाचं कौतुकच वाटलं.

जाग आल्यावर सासूने मनगट नाकाशी नेलं. "कसला गं वास येतोय?"

"जाईल तो," ठिपकेवाली म्हणाली.

मग काय, घर सुखी झालं. नवरा दुपारी धावत यायचा थांबला, जेवता जेवता फोन बघू लागला. थोरल्या जावेचं सूप वर यायचं थांबलं. "दुकानातच आहेत की त्या. तिथे चहा मिळतो, शेगडी असते." ठिपकेवालीही कामावर सुटीच्या वेळात एकदा बघायची. ठिपका शिलाईच्या दुकानापाशी. आई विश्रांती घेत आहे. बरं. तीही फोन पालथा ठेवून चहाला जायची. चष्मेवाला विचारायचा, "सासूबाईंची रेघ कशी आहे?" ती दाखवायची. गुंताच गुंता. घरापासून दुकानापर्यंतच्या एवढ्याशा वाटेवर प्रत्येक काचेपाशी थांबलेली, प्रत्येक कठड्याला हात लावून गेलेली, दार ओढलंय का बघायला पुन्हा पुन्हा मागे फिरलेली.

"जिवंत बाई आहे," चष्मेवाला म्हणायचा. तो आता दोघांतला विनोद झाला होता.

एकदा संध्याकाळी किल्लीवाल्याने तिला थांबवलं. "आजी परवा बऱ्याच पुढे गेल्या होत्या. मी हाक मारणार होतो. पण म्हटलं, तुमच्या फोनवर दिसतातच ना. मग आपण कशाला मध्ये?"

"दिसतात," ती म्हणाली. आणि ते खरंच होतं.

थंडी वाढली तशी सासू संध्याकाळी कुडकुडत परत येऊ लागली. एकदा जेवताना म्हणाली, "मला आत घेत नाहीत गं."

"कोण घेत नाही?"

"दारावरच्या."

"कुठल्या दारावरच्या?"

"दुकानातल्या. म्हणतात, आजी, आता घरचे बघतायत ना तुम्हाला, मग घरीच थांबा. नवी गिऱ्हाइकं घाबरतात म्हणे या दिव्याला. विचारतात, हिला तुरुंगातून सोडलीय का." सासूने हात पुढे केला. "वास येत असणार याचा."

नवऱ्याने फोन काढला. "आई, हे बघ. सकाळपासून दुपारपर्यंत तू दुकानातच होतीस. इथे दिसतंय."

"मी समोरच्या बाकावर होते."

"ठिपका दुकानावर आहे, आई."

बाक आणि दुकान यांच्यामध्ये एक अरुंद रस्ता. ठिपक्याला आत आणि बाहेर कळत नाही. पण हे ठिपकेवालीच्या डोक्यात नंतर आलं. त्या वेळी तिला एवढंच वाटलं, की मुंग्यांच्या गोष्टी आपण जेवताना सांगायला नको होत्या, म्हातारीने त्या मनावर घेतल्या. तिने सासूच्या ताटलीत आणखी थोडा भात वाढला. सासूने फोनकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "बरं. मग आतच होते मी."

शिकवलेलं तिला लवकर कळायचं.

ज्या दिवशी पुढचं घडलं त्या दिवशी राणी मुंगीला खूण लावायची होती. मॅडम सकाळपासून कुणाशी धड बोलत नव्हत्या. राणी एकच असते, ती चिकटली तर सगळंच मुसळ केरात. बाहेर धुकं इतकं, की समोरची इमारत पुसून टाकल्यासारखी. निघताना ठिपकेवालीने सासूला दोन स्वेटर घातले होते. पट्ट्यावरून बाही नीट जात नव्हती, म्हणून ती वर सारून ठेवली होती. दिवा मोकळा राहिला.

चहाच्या वेळी तिने फोन पाहिला. आई विश्रांती घेत आहे. नंतर पाहिला. विश्रांती घेत आहे. नवऱ्यानेही पाहिला असणार, थोरल्यानेही, जावेनेही. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. इथे तर चार फोन होते.

दुपारी राणीला बर्फावर घेतलं. ती मोठी, तिला गारठायला वेळ लागला. शेवटी तिनेही पाय आखडले. ठिपकेवालीने गोंद लावला, खूण ठेवली, चिमटा धरला, आणि टेबलावरचा फोन थरथरला. मॅडम राणीवर वाकल्या होत्या, हिचे हात अडकले होते, म्हणून चष्मेवाल्याने तो उचलून हिच्या कानाशी धरला.

थोरली जाऊ होती. "अगं, सासूबाई निघाल्या बघ एकदाच्या. सकाळपासून एका जागी बसलेल्या, मला तर काळजीच लागली होती. आता काय दमदार चालतायत. मोठ्या रस्त्याने. कुठे थांबत नाहीत की काही नाही. तब्येत सुधारली म्हणायची."

"दाखव," ठिपकेवाली चष्मेवाल्याला म्हणाली. त्याने नकाशा तिच्या डोळ्यांसमोर धरला.

रेघ शिलाईच्या दुकानापासून निघाली होती. घराच्या दिशेने नव्हे, उलट्या. पाववाल्याच्या काचेपाशी थांबली नव्हती. पुलाच्या कठड्याशी थांबली नव्हती. एकदाही मागे फिरली नव्हती. पट्टी ठेवून ओढावी तशी मोठ्या रस्त्याने शहराबाहेर चालली होती.

चष्मेवाल्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तिनेही त्याच्याकडे पाहिलं नाही.

"हलू नकोस," मॅडम म्हणाल्या. "वाळतोय."

"ऐकतेयस ना?" जाऊ म्हणाली.

चिमट्यात राणी होती. तिचा एक पाय जरासा सुटा होऊन हवेत चाचपडत होता. ठिपकेवालीने श्वास धरला. चिमटा होता तसाच धरून ठेवला.

"चालतायत ना," ती म्हणाली. "मग झालं तर."

गोंद वाळला. खूण सरळ बसली, तसूभरही वाकडी नाही. मॅडमनी तिच्या खांद्यावर थाप मारली, म्हणाल्या, या हाताला तोड नाही. तोवर फोनमधला ठिपका शहराच्या कडेच्या एका राखाडी चौकोनात जाऊन थांबला होता. चौकोनाला नकाशात नाव नव्हतं. खाली अक्षरं होती. आई विश्रांती घेत आहे.

ठिपक्यामागोमाग चौघं पोचले, तो चौकोन म्हणजे शवागार. दारात पालिकेच्या गाडीचा चालक उभा होता. त्याने त्या चौघांना सांगितलं ते सरळ सांगितलं, त्याचं रोजचंच काम. "शिलाईच्या दुकानासमोरच्या बाकावर होत्या. थंडीनेच गेल्या म्हणे. लोक सकाळपासून बघत होते, वाटलं बसल्यात. ते हातावरचं यंत्र बघून कुणी हात लावला नाही. म्हटले, घरचे बघतायत. दुपारी दुकानवालीने जाऊन हलवलं तेव्हा कळलं." त्याने दारातूनच आतल्या पट्ट्याकडे बोट केलं. "त्यावर नाव नाही, नंबर नाही, नुसता दिवा. नाहीतर कळवलं असतं तुम्हाला. आणि धुक्यात गाड्या मुंगीच्या पावलाने, आम्हालाच यायला इतका वेळ लागला."

नवरा भिंतीला टेकून खाली बसला. थोरला नुसताच हात चोळत राहिला. जाऊ रडली, खरंच रडली, रडता रडता म्हणाली, "मी तर बघत होते गं. डोळ्यांत तेल घालून बघत होते."

सासू ओट्यावर होती. पाय पोटाशी घेतलेले, हात छातीशी. आतला माणूस म्हणाला, अंगावरच्या वस्तू काढून द्यायच्या असतात, पण हा पट्टा निघत नाही, कापू का.

"थांबा," ठिपकेवाली म्हणाली.

बोटं चिकटली तर सोडवायला लागतं म्हणून द्रावणाची लहान बाटली तिच्या पिशवीत कायम असायची. तिने सासूचा हात मांडीवर घ्यावा तसा हातात घेतला. फाशात थेंब सोडला, वाट पाहिली, आणखी एक सोडला. कातडीला लागू दिला नाही. पट्टा अलगद सुटला. मनगटावर फिकट वळ होता, काज करायला आखून ठेवावं तसा.

पट्टा सुटला आणि चार फोन एकदम वाजले. खिशातले, पिशवीतले. सवयीने चौघांनी ते काढून पाहिले, तिनेही. 'आईने पट्टा काढला आहे. कृपया लक्ष द्या.'

जावेने डोळे पुसले, नाक ओढलं आणि हळू आवाजात म्हणाली, "तो टाकू नकोस हं. माझ्या आईचंही हल्ली तसंच सुरू झालंय. परवा भावाच्या घराऐवजी शेजाऱ्यांच्या घरात जाऊन बसली."

ठिपकेवालीने तिच्याकडे पाहिलं. जाऊ वाईट नव्हती. कुणीच वाईट नव्हतं. तिने बाटली पुन्हा उघडली, रुमालाचं टोक भिजवलं आणि पट्टा पुसायला घेतला. आतून पुसला, बाहेरून पुसला, फाशाच्या खोबणीत सुईने टोक घालून पुसला. नाकाशी नेला. पुन्हा पुसला.

"झाला की स्वच्छ," जाऊ म्हणाली. "किती पुसशील?"

"वास राहता कामा नये," ठिपकेवाली म्हणाली, आणि पुसत राहिली.